गारमाळची पाऊलगणना

गारमाळात तेरा माणसं राहतात असं यंत्राने कळवलं, तेव्हा ते ऐकायला शाळेच्या पडवीत चौतीस माणसं बसली होती.

मुलाणी गुरुजींनी टॅबवरचा मजकूर दोनदा वाचला. "डोंगरी वस्ती नियोजन मंडळ. पाऊलगणना, सन दोन हजार त्रेचाळीस. वस्ती गारमाळ. चालती माणसे तेरा. शेरा : वस्ती हंगामी समजावी. पाळण्यासाठी अपात्र."

"तेरा?" बिरा झोरे म्हणाला. "एकट्या माझ्या घरात सात हायत."

"मग राहिलेली सहा कोण?" कुणीतरी विचारलं.

झालं. यंत्रावर चिडायचं सोडून गाव त्या तेरांत कोण आणि बाहेर कोण यावरून भांडायला लागलं. ठकूआजी नव्वदीच्या, गेली चार वर्षं अंगणापलीकडे गेलेल्या नव्हत्या; पण आपण तेरांत आहोत असं त्यांनी ठासून सांगितलं. धाकू झोरे मात्र खांबाला टेकून निवांत बसला होता. तेरांतला पहिला आपणच, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती.

तसा त्याचा हक्कही होता. गारमाळ हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा गवळी धनगरांचा वाडा. वर पठार, म्हशी, कारवी आणि धुकं. खाली एसटीचा थांबा. मध्ये नऊ किलोमीटर जंगलाची पायवाट. त्या वाटेवर अस्वल आहे, बिबट्या आहे आणि गवे तर आपल्या बापाची वाट असल्यासारखे उभे असतात. म्हणून गारमाळचं माणूस एकटं खाली उतरत नाही. वेशीवरच्या दगडापाशी दहा-बारा जण जमले की निघायचं. पुढे धाकू, हातात घुंगरांची काठी. काठी आपटायची, घुंगरू वाजायचे आणि मागच्या सगळ्यांनी त्याच ठेक्यावर पाऊल टाकायचं. एका ओळीत, एका ठेक्यात. जनावराला वाटावं की कुणी एकच भलंथोरलं धूड येतंय. धाकूच्या आजाने हेच केलं, बापाने हेच केलं आणि तीन पिढ्यांत अस्वलाने गारमाळचं कुणी धरलं नाही.

धाकूला पाळणा हवा होता, तो मात्र वेगळ्या कारणासाठी. पाळणा म्हणजे दोरावरून दरीपार जाणारी पेटी. बारा मिनिटांत माणूस खाली. गेल्या साली त्याच्या बायकोचं, हौसाचं अपेंडिक्स फुटलं. तिला डोलीत घालून चौघांनी उतरवलं. पुढे धाकू. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, ठेका चुकतो, हा नियम. साडेतीन तास तो काठी आपटत चालला आणि मागे डोलीत बायको जिवंत आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं. ती वाचली, धडधाकट झाली. धाकूच्या मनातून मात्र ते साडेतीन तास गेले नाहीत.

चाळीस चालती माणसं असतील त्या वस्तीला पाळणा, असा मंडळाचा नियम होता. गारमाळची माणसं त्रेचाळीस. त्यांतली दोन कडेवरची आणि एक ठकूआजी. राहिली बरोबर चाळीस.

*

चौकशीला मंडळाची शलाका भोईटे आली. वय असेल अठ्ठावीस, पाठीवर पिशवी, पायात चांगले बूट. एसटीच्या थांब्यावरून गावकऱ्यांबरोबरच ती चढली. चढताना दोनदा पडली. कारण तिला ठेका येत नव्हता आणि मागचा तिच्या टाचेवर पाय देत होता. वर पोचल्यावर तिने ताक मागितलं, दोन तांबे प्याली आणि टॅब उघडून बघितला.

"सापडलं," ती म्हणाली. "आत्ता आपण अकरा जण वर आलो ना? यंत्राने दोनच मोजले. एक मी. आणि एक तुम्ही सगळे."

शलाकाने बाहेर वाटेकडे बोट दाखवलं.

"बारा वर्षांपूर्वी या वाटेच्या कडेने काचेची तार पुरली होती, आठवतं?"

सगळ्यांना आठवत होतं. गारमाळला इंटरनेट द्यायला ती तार आली होती. इंटरनेट पाहुण्यासारखं उशिरा आलं आणि लवकर गेलं. तार तेवढी राहिली.

"ती तार ऐकते," शलाका म्हणाली. "वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीवर कावळा बसला, तर दुसरं टोक धरलेल्याला कळतं की नाही? तसंच. आम्ही खालच्या टोकातून लेसरचा उजेड सेकंदाला हजार वेळा सोडतो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक खोडी असतात. त्यांच्यावर आपटून थोडा उजेड माघारी येतो. वरच्या मातीत पाऊल पडलं की तार ताणली जाते. किती? केसाच्या हजाराव्या भागाहून कमी. पण माघारी येणारा उजेड तेवढ्यानेही बदलतो. त्यावरून पाऊल कुठं पडलं, टाच किती जोरात टेकली, दोन पावलांत किती वेळ गेला, सगळं कळतं. यंत्राला नाव कळत नाही, चेहरा कळत नाही. चाल कळते. आणि दोन माणसांची चाल कधी एक नसते."

"आमची असती," धाकू अभिमानाने म्हणाला.

"तोच तर घोटाळा आहे, मामा. यंत्र दहा-दहा मीटरच्या तुकड्यांनी ऐकतं. एका तुकड्यात दहा जण एका ठेक्यात चालले, की त्याच्या लेखी तो एकच माणूस. जरा जड, एवढंच."

आजाने अस्वलाला फसवायला काढलेली युक्ती मंडळाला फसवून बसली होती. पडवीतली सगळी डोकी हळूहळू धाकूकडे वळली.

"मग तुम्हीच हातानं लिवा की चाळीस," बिरा म्हणाला.

"हाताने लिहायची सोयच काढून टाकलीय. पूर्वी होती, तेव्हा तीन वाड्यांत मेलेली माणसंसुद्धा पाळण्याची वाट बघत होती." शलाकाने टॅब मिटला. "पंधरा दिवसांची फेरगणना मी लावून देते, तोवर इथंच राहते. तेवढ्यात चाळीस वेगवेगळ्या चाली वाटेवरून वरपासून खालपर्यंत गेल्या पाहिजेत. ठेका सोडा. आणि मामा, ती काठी घरी ठेवा."

धाकूने काठी खुंटीला लावली. त्या दिवशी त्याने जेवण टाकलं आणि हौसाने त्याला कारण विचारलं नाही.

*

जन्मभर एका ठेक्यात चाललेल्या माणसांना बेताल चालायला शिकवणं म्हणजे मांजरांची पंगत बसवण्याचं काम. ते मुलाणी गुरुजींच्या गळ्यात पडलं. गुरुजींनी तीस वर्षं पोरांना डावा-उजवा शिकवलं होतं. आता शाळेच्या पटांगणात ते शिटी मारून ओरडत, "झोरे, तुमचा डावा का पडला? त्यांचा पडला म्हणून? तुम्हाला स्वतःचं काही मत आहे की नाही?"

चार पावलं बरी जायची. पाचव्याला सगळ्यांचे पाय आपोआप एक व्हायचे. गुरुजींनी मग एकेकाला वेगवेगळा पाढा म्हणत चालायला लावलं. एकोणतीसच्या पाढ्याने तिघं कायमची बेताल झाली. बाकीच्यांना अंतर ठेवून सोडायचं ठरलं. दोघांत वीस मीटर. जंगलात एकटं वाटायला नको म्हणून सगळे एकमेकांशी ओरडून बोलत. सासवा-सुनांची घरातली भांडणं वीस मीटरांवरून झाडांना ऐकू जाऊ लागली. अस्वलाने बहुतेक त्याच आठवड्यात मुक्काम हलवला असावा.

आकडा चढू लागला. तेराचे बावीस झाले, बावीसचे एकतीस.

बिराला धीर नव्हता. तो सरळ स्वतः उतरला आणि दुसऱ्या दिवशी उजव्या पायात बायकोची चप्पल घालून, लंगडत पुन्हा उतरला. यंत्राने आनंदाने नोंद केली, 'नवी व्यक्ती. पुरुष. उजवा गुडघा निकामी. तातडीने उपचार.' संध्याकाळी आरोग्य खात्याचं ड्रोन येऊन गुडघ्याचा पट्टा आणि महिन्याच्या गोळ्या टाकून गेलं. शलाकाने ती नोंद खोडली आणि बिराला पडवीत उभं करून झापलं. पट्टा मात्र ठकूआजींनी ठेवून घेतला आणि तो घालून त्या चार वर्षांनी अंगणाबाहेर आल्या. त्याचा गणनेला काही उपयोग नव्हता, पण गाव खूश झालं.

तेराव्या दिवशी आकडा एकोणचाळीसवर आला आणि तिथेच बसला.

गुरुजींनी हजेरीपट घेतला. चाळीसच्या चाळीस जण खाली उतरून वर आले होते. मग एक कमी कसा? शलाकाने नोंदी एकेक करून वाचल्या. नावं नव्हतीच, चाल, अंदाजे वय आणि जमिनीवर पडलेला भार.

"क्रमांक सात," तिने वाचलं. "पुरुष. वय साठ-पासष्ट. चाल अतिशय नियमित. भार एकशे बारा किलो."

"एकशे बारा?" गुरुजींनी चष्मा काढला. "गारमाळात सत्तर किलोच्या वर कोणी नाही. तुपाचे डबे होते का कुणाच्या डोक्यावर?"

गाव त्या एकशे बारा किलोच्या माणसाला शोधू लागलं. ज्याची जरा ढेरी दिसे त्याला शाळेतल्या वजनकाट्यावर चढवलं. शेवटी गुरुजींचं लक्ष धाकूकडे गेलं. धाकू निघाला होता आणि त्याच्या मागे दोन पावलांवर, नेहमीसारखी, हौसा.

"धाकूमामा, तुमचं वजन किती?"

"साठ."

"आणि मामींचं?"

"बावन्न," हौसा म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

सगळ्यांना वेगळं चालायला सांगितलं होतं. धाकू आणि हौसा वेगळी आहेत, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. धाकूच्या तर नाहीच. आणि खरं सांगायचं तर हौसाच्याही नाही.

"एवढंच ना!" बिरा म्हणाला. "मामीनं मागं ऱ्हायाचं, शंभर पावलं."

चौदाव्या दिवशी तेही केलं. हौसा शंभर पावलं मागून उतरली. यंत्राने लिहिलं, 'क्रमांक सात. आज दोनदा गेला.'

शलाकाने डोक्याला हात लावला. "माणसं ओझी वाहतात, म्हणून ओळखताना यंत्र वजन धरत नाही. चाल तेवढी धरतं. आणि मामी, तुमची चाल यांचीच आहे. हुबेहूब. तुमची स्वतःची कशी होती?"

"मला काय ठावं, बाई," हौसा म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासनं ह्यांच्याच मागनं चालतीया. अडतीस वर्सं झाली."

मग धाकूने तिला चालायला शिकवायला घेतलं. "जरा पाय ओढत चाल. आसं. न्हाई, आसं." तो पाय ओढून दाखवी आणि ती हुबेहूब तसाच ओढी. तो उड्या मारी, ती उड्या मारी. पडवीतली माणसं हसून हसून लोळली. धाकूला घाम फुटला. उद्याचा एकच दिवस उरला होता, आणि पाळणा अडला होता तो त्याच्या घरात.

"आवं," हौसा शेवटी दमून म्हणाली, "तुमी म्होरं असलासा की जमायचं न्हाई. तुमी दाखवलं की मी करतीया. मी एकटी जाते. उद्या. तुमी हितंच बसा."

"एकटी?" धाकू ओरडला. "बाईमाणूस? त्या जंगलातनं?"

"अस्वलाला काय कळतंय बाईमाणूस."

"काठी तरी घे घुंगराची."

"मग परत तुमचाच ठेका. काठी नगं. तोंड हाय की मला."

गाव धाकूकडे बघत होतं. त्याला नाही म्हणायचं होतं. मागे डोलीकडे न बघता चाललेले ते साडेतीन तास त्याला आठवत होते. आणि आता तर ती त्याच्या मागेही नसणार होती. भीती अस्वलाची होतीच. पण तिच्या आत आणखी एक भीती होती, ती त्याला सांगता येत नव्हती. ती एकटी नीट खाली पोचली, तर अडतीस वर्षं आपण पुढे चालून नेमकं केलं काय?

"जा," तो म्हणाला आणि उठून म्हशींकडे गेला.

*

पंधराव्या दिवशी धुकं विरल्यावर हौसा वेशीवरच्या दगडापासून एकटी निघाली. पहिल्या वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. ती अस्वलाला आधीच शिव्या देत होती. मग आवाजही बंद झाला.

सगळं गाव शलाकाच्या टॅबभोवती गोळा झालं. हिरव्या रेघेवर एक ठिपका सरकत होता. धाकू लांब बसणार होता, पण तिसऱ्या मिनिटाला तो शलाकाच्या खांद्याशी होता.

"काय म्हंतंय?"

"क्रमांक सात," शलाका म्हणाली. "अजून तुमचीच चाल आहे, मामा."

एक किलोमीटर झाला. क्रमांक सात. दीड झाला. क्रमांक सात. मग ओढ्यापाशी ठिपका थांबला.

एक मिनिट गेलं. दोन. चार. धाकू उठून उभा राहिला. "अस्वल," तो म्हणाला. "वड्याला पाण्याला येतंय ते. मी चाललो."

"थांबा, मामा. शेजारी दुसरं काही नाही. चार पाय असते तर दिसले असते. त्या नुसत्या थांबल्यात."

"का पर? ती कधी थांबत न्हाई. मी थांबल्याबिगर ती कशी थांबंल?"

सहाव्या मिनिटाला ठिपका हलला. आधी सावकाश, मग जरा झरझर, मग असा काही सुटला की बिराच्या तोंडातला विडा तसाच राहिला. शलाका वाकून वाचू लागली. "लांब ढांगा. टाच हलकी. उतारावर वेग वाढवते... सात नाही. हे सात नाही!" टॅबने बारीकशी घंटी वाजवली. शलाकाने मोठ्याने वाचलं, "नवी व्यक्ती. स्त्री. वय अंदाजे एकवीस."

पडवीत एकच कल्ला उठला. "एकवीस!" बिरा नाचायला लागला. "मामा, कुणाला पाठवलंस रं खाली?"

धाकू हसला नाही. लग्नाच्या वेळी हौसा एकवीसची होती.

एसटीच्या थांब्यावर ठिपका पोचला तेव्हा शलाकाने घड्याळ बघितलं. एक तास बावन्न मिनिटं. धाकूच्या ओळीला साडेतीन तास लागत. टॅबवर चाळीसचा आकडा आला आणि त्याच्याखाली 'वस्ती कायम. पाळण्यासाठी पात्र' असं उमटलं. गुरुजींनी शिटी मारली, ठकूआजी गुडघ्याचा पट्टा लावून फुगडीला उभ्या राहिल्या आणि शलाकाला लोकांनी उचलून घेतलं. धाकूची नोंद आधीच झाली होती. त्याने कुठे असावं याची आता कुणाला गरज नव्हती. तो गुपचूप वेशीबाहेर पडला. हातात काठी नव्हती आणि आयुष्यात पहिल्यांदा मागेही कुणी नव्हतं. पाच पन्नास पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण जरा भ्यालो आहोत.

अर्ध्या वाटेवर ती भेटली. चढ चढून येत होती, तोंड लाल झालेलं आणि हातात तेलकट कागदाची पुडी.

"तुमी कशापाई आलासा?"

"बगायला. झालं चाळीस."

"व्हय? बरं झालं." तिने पुडी पुढे केली. "भजी. थांब्यावर बसून खाल्ली. मी एकटीच बाकड्यावर. लोकं बगत व्हती. तुमच्यापुरती आणली, गार झाल्याती."

धाकूने एक भजं तोंडात टाकलं. ते गिळल्यावर त्याने विचारलं, "वड्यापाशी का थांबलीस?"

हौसाने जरा विचार केला. "कानात तुमचं घुंगरू वाजत व्हतं. ते जाईतवर बसले."

"आन् मग?"

"मग गेलं. मग माजं पाय म्हनलं, चल."

धाकूला वाईट वाटलं. लाजही वाटली. आणि ती समोर अशी लालबुंद, जिवंत उभी आहे, याचा आनंद त्याहून मोठा होता. तो वाटेतून बाजूला झाला. गारमाळच्या वाटेवर कुठल्याही झोऱ्याने कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. "हो म्होरं," तो म्हणाला.

ती पुढे झाली. दहा पावलांत तिच्यात आणि त्याच्यात वळणाएवढं अंतर पडलं. धाकू धापा टाकू लागला.

"अगं ए," तो ओरडला, "जरा हळू चाल की!"

"आवं," वरून तिचा आवाज आला, "अडतीस वर्सं हळूच चालले की मी."

आणि ती थांबली नाही. धाकूने पुडी कमरेला खोचली, धोतर वर घेतलं आणि ओल्या मातीत तिचं पाऊल जिथे उमटलं होतं तिथे आपलं पाऊल टाकायला गेला. ते फार लांब पडत होतं.